‘मुरूम’च्या फिल्ममधलं भाषण

आमच्या स्टुडिओच्या मालकांनी, रशीदभाईंनी, दोन्ही पेनड्राइव्ह टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, पहिला कोणाचा लावू? मी म्हणालो, निनादचा लावा. एकाच फिल्मचे आम्ही दोघांनी जोडलेले दोन कट होते, त्याचा लांब होता. तो बघून लोक वैतागतील आणि मग माझा आटोपशीर कट त्यांना बरा वाटेल, असा माझा विचार होता.

दुपारची वेळ. बीडमधलं एक मंगल कार्यालय. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केलेला. समोर ‘मुरूम’चे चाहते बसलेले.

‘मुरूम’ म्हणजे नेकनूरकडच्या चार पोरांचा रॉक बँड. गिटार, ड्रम, सगळं मराठीत. गाणारा बालाजी. त्याची एक सवय. दोन गाण्यांच्या मध्ये तो गिटार पाठीवर टाकतो आणि बोलायला लागतो. हुंडा, दारू, ऊसतोडीला नेण्यासाठी शाळेतून काढलेल्या पोरी. बोलतो म्हणजे चांगलंच लांब बोलतो. पाटोद्याच्या बाजारतळावर त्यांचा मोठा कार्यक्रम झाला. तो आमच्या स्टुडिओनं शूट केला. त्याची फिल्म करायची होती, आणि बालाजीचं बोलणं ठेवायचं की काढायचं यावरून चाहत्यांत भांडण पेटलं होतं. ट्रेलर टाकला तर खाली गाण्याबद्दल कोणी लिहीनाच. सगळी या एकाच गोष्टीवरून मारामारी.

शेवटी बालाजीनंच सांगितलं, दोन्ही करा, लोकांना दाखवा. ज्याचा कट लोक घेतील, तोच पुढं आमचं सगळं काम करील. स्टुडिओत एडिटिंगचं मशीन एक, खुर्ची एक. हरेल त्यानं परत लग्नाच्या मांडवात कॅमेरा घेऊन उभं राहायचं, हे रशीदभाईंनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

ती खुर्ची माझी होती. मी संगमेश्वरकडचा. नववीत शाळा सुटली. एका लग्नवाल्या फोटोग्राफरच्या मागं फिरत फिरत इतक्या लांब बीडला आलो आणि रशीदभाईंनी ठेवून घेतलं. स्टुडिओत झोपायला जागा दिली. त्यांच्या घरून डबा यायचा. मशीन त्यांनी स्वतः शेजारी बसून शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकणार नाही. म्हणूनच सारखी धास्ती असायची, की एक दिवस यांना माझ्यापेक्षा बरा कोणी मिळेल.

तो मिळाला. निनाद. पुण्याला कोर्स केलेला. हळू बोलणारा, मला ‘दादा’ म्हणणारा. रशीदभाई त्याला विचारायचे, “तुला काय वाटतं?” मला इतक्या वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. त्याचा चहासुद्धा बिनसाखरेचा, वेगळा यायचा. मी ते सगळं बघायचो आणि टाइमलाइनवर मान घालायचो. टाइमलाइन म्हणजे स्क्रीनवरची पट्टी. तिच्यावर चित्राचे तुकडे एकामागं एक लावायचे. न लागणारा माल बाजूला टाकायचा. त्याला आम्ही ‘वेस्ट’ म्हणतो.

मी सगळं भाषण काढलं होतं. कोणी विचारलं तर सांगायचो, फिल्मला वेग पाहिजे. खरं कारण वेगळं. पाटोद्याला बालाजी म्हणाला होता, “शाळा सोडली की माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मागं उभा राहतो.” तेव्हा मी पहिल्या रांगेच्या कडेला कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होतो. माझ्या निम्म्या वयाचं पोरगं. एवढं बोलतं आणि समोर पोरी डोळे पुसतात. ते वाक्य मी माझ्या हातानं कापलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शिवाय भाषणाचं चित्रच नव्हतं. आमच्याकडं लग्नात एक पद्धत आहे. कोणी माइक हातात घेतला, की कॅमेरा पाहुण्यांकडं वळवायचा. भाषण कोणालाच बघायचं नसतं. आपण दिसलो का, एवढंच बघायचं असतं. एखादा मामा किंवा चुलता व्हिडिओत दिसला नाही तर वर्षभर रुसवा. बालाजी बोलायला लागला की आमचे दोन्ही कॅमेरे आपोआप गर्दीकडं वळायचे. एक माझा, दुसरा आमच्याच एका लग्नवाल्याचा. बालाजीचा नुसता आवाज आला होता. मी मनात म्हटलं, निनाद आता भाषण दाखवतो कसं, बघू.

तो माझ्याकडं आला. “दादा, तुमचं वेस्ट मिळेल?” मी हसून हार्डडिस्क दिली.

कार्यालयात फिल्म लागायच्या आधीच वाद चालू झाला. पाटोद्याचा एक दाढीवाला म्हणत होता, उपदेश ऐकायचा तर गावात सप्ता हाय की, इथं आमी ड्रम ऐकायला येतो. त्याचा मित्र म्हणाला, फिरंगी बँडचा गाणारा बी जगाला शहाणपण शिकवतो, अन् त्यांच्या फिल्ममधलं ते बोलनं आपुन पळवतोच की. शीतल नावाची मुलगी, नर्सिंगला शिकते, ती मागं वळली.

“बोलनं काढलं तर ती कार्यक्रमाची फिल्म न्हाई. घरी मोबाइलवर गानी वाजवा अन् भिंतीकडं बघा. तेवढंच.”

“मंग बालाजीला म्हणावं आमदारकीला उभा राहा,” दाढीवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो.

निनादचा कट सुरू झाला. पहिलं गाणं संपलं. बालाजीचा आवाज आला आणि पडद्यावर माणसं. नुसते चेहऱ्यांवर चेहरे. टोपीतला एक म्हातारा, तंबाखू चोळता चोळता थांबलेला. धुळीमुळं दोघींत मिळून एकच ओढणी तोंडावर घेतलेल्या पोरी. दोरीला टेकलेला पोलीस. आधी हशा झाला. लोक एकमेकांना ओळखत होते, नावं घेत होते. मग हळूहळू नावं घेणं थांबलं आणि लोक ऐकायला लागले.

शाळेचं ते वाक्य आलं. त्यावर कडेवर लेकरू घेतलेली एक बाई. वयानं कॉलेजातली वाटावी. तिनं मान खाली घातली, लेकराचं टोपडं सारखं केलं आणि परत वर बघितलं. निनादनं तो शॉट कापला नाही. तसाच चालू ठेवला. शॉट माझा होता. तिच्यावर माझा कॅमेरा एवढा वेळ का थांबला होता, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. तिथं बसल्यावर कळलं. मला तो बघवेना.

पुढं दाढीवाला स्वतःच पडद्यावर आला. तोंड उघडं टाकून भाषण ऐकत होता. मित्रानं त्याला कोपरानं ढोसलं.

“असू दे बे,” तो म्हणाला. “बघू दे.”

मग माझा कट लागला. गाण्यांना टाळ्या पडल्या, खोटं कशाला बोलू. पण लोक पडद्यावर काहीतरी शोधत होते. संपल्यावर शीतलनं विचारलं, “यात आमी कुठं हाव?”

मत घ्यायची वेळच आली नाही. बालाजी उठून पुढं आला. तो म्हणाला, मी बोलताना मलाच दाखवलं न्हाई, म्हणून आदी राग आला होता. पण ही माणसं टिपली कुणी?

“सुर्वेदादांनी,” निनाद माझ्याकडं बोट दाखवून लगेच म्हणाला.

त्यानं ते लपवलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. निदान त्याच्यावर धड चिडता तरी आलं असतं.

संध्याकाळी रशीदभाईंनी मला बाहेर चहाला नेलं. म्हणाले, “सुर्वे, बुरा मत मान. तुजा हात कॅमेऱ्यावर लई भारी हाय.” माणूस असं म्हणतो तेव्हा खुर्ची गेलेली असते. माझा चहा बिनसाखरेचा आला. पोऱ्याकडून चुकून आला असेल, पण मी परत पाठवला नाही. प्यालो.

आता ‘मुरूम’चे सगळे कार्यक्रम मी शूट करतो. पडद्यावर नाव येतं, निनादच्या खाली. राहायची जागा तीच आहे आणि डबाही येतो. तक्रार करावी असं काही नाही. नव्या पोरांना कामाची एवढीच एक गोष्ट सांगतो. कोणी तुमचं वेस्ट मागायला आलं, तर देण्याआधी स्वतः एकदा नीट बघून घ्या. आणि मागणारा फार गोड बोलत असेल, तर हार्डडिस्क बिघडली आहे म्हणून सांगा.