आजी ७१०, नात ६९०

मोबाइलवरच्या सापाच्या खेळात सातशेच्या वर जायचं असेल तर सगळ्यात आधी अंगठा कोरडा पाहिजे. सोलापुरात हे सोपं नाही. मी मांडीवर टॉवेल घेऊन बसते. साप लांब सरळ धावत असतो तेवढ्यात अंगठा पुसून घ्यायचा, वळण आलं की हात पुन्हा जागेवर.

दुसरं म्हणजे, दाणा दिसला की त्याच्यावर झेप घ्यायची नाही. साप एकेक दाणा खाऊन लांब होत जातो आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीला धडकून मरतो, एवढाच तर खेळ. म्हणजे तोंड कुठं चाललंय यापेक्षा शेपूट कुठं पसरलीय हे लक्षात ठेवायचं. मधूनच एक आंबा लुकलुकतो, पन्नास गुणांचा. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. माझे निम्मे साप आंब्यापायी गेले.

आणि तिसरी युक्ती मला कुणी शिकवली नाही, ती कारखान्यातल्या मागावरून आली. सूत नेणारा धोटा कापडाच्या या काठावरून त्या काठाला जातो, परत येतो, आडव्या धाग्याला आडवा धागा लागत जातो. साप लांब झाला की त्याला तसाच चालवायचा. एक ओळ जायची, एक ओळ यायची. फक्त डाव्या कडेची एक उभी गल्ली मोकळी ठेवायची, वर परत जायला. ती गल्ली बुजली की संपलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं चेकिंगला होते. त्या वयातली मी म्हणजे एक प्रकरणच होतं. धागे कापायची छोटी कात्री गळ्यात अडकवून अशी फिरायची, जशी काही कारखान्याची किल्लीच. दुसऱ्या बायकांनी तपासलेला गठ्ठा पुन्हा उघडून त्यातली चूक काढायची आणि चारचौघीत दाखवायची. जेवणाच्या सुट्टीत आपल्याशेजारी कुणी का बसत नाही, हे त्या शहाणीला सव्वीस वर्षांत कळलं नाही.

घरी आल्यावर हीच बाई सहा वर्षांच्या लेकीबरोबर सागरगोटे खेळायची. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर जमिनीवरचे उचलायचे. लेकीच्या मुठीत दोन मावायचे नाहीत, हिच्या मुठीत पाच. तरी हीच जिंकायची. पोर रडकुंडीला आली की म्हणायची, "रडतीस काय? शिक की!" आणि वर स्वतःच्या तत्त्वाचं कौतुक, की पोरांना खोटं जिंकू द्यायचं नाही. तत्त्व कसलं डोंबलाचं! तिला हरताच येत नव्हतं.

लेक दहावीला असताना एकदा अभ्यासाच्या वेळी तिच्या हातात सागरगोटे दिसले. मी काही विचारलं नाही. हिसकावून घेतले आणि शेजारच्या पत्र्यावर भिरकावले. ते घरंगळत गेलेले मला ऐकू आले. लेक रडली नाही, पुस्तकात बघत राहिली. त्यानंतर ती माझ्याबरोबर काही खेळली नाही. मी म्हटलं, चला, पोरगी शहाणी झाली.

आता ती पुण्यात असते. ऑफिस, संसार. दर रविवारी फोन करते आणि विचारते, "आई, करमतंय ना?" मी दर रविवारी सांगते, "मला काय धाड भरलीय? टीव्ही आहे, गल्ली आहे." टीव्ही आहे हे खरं. गल्लीतल्या बायका मात्र सकाळी कामाला जातात त्या दिवेलागणीला येतात. यजमान गेल्यापासून मी दोन भाकऱ्या थापते, एक दुपारची, एक संध्याकाळची. दुपारची संपली की संध्याकाळची व्हायला फार वेळ लागतो.

हा साप मला नातीनं दिला, दिवाळीच्या सुट्टीत. तिनं त्या खेळात आमच्यापुरती एक खोली उघडली. खोलीत एक फळा, त्यावर वरचे दहा डाव दिसतात आणि दर सोमवारी तो आपोआप कोरा होतो. नावं आम्ही नात्यानंच घातली, आजी, नात आणि आई, म्हणजे माझी लेक. आईनं एकच डाव खेळला, पहिल्याच भिंतीला आपटली आणि म्हणाली, "मला नाही जमत हे." नात पुण्याला परत गेल्यावरही रोज चार वाजता, क्लासमधून आली की, एक डाव खेळायची. फळ्यावर नात ६५० दिसलं की मी टॉवेल घ्यायची आणि आजी ६८० करायची. लगेच तिचा निरोप, "आज्जी, तू लई खडूस आहेस!" पुण्याच्या पोरीच्या तोंडी हा 'लई' माझ्याकडून गेलेला. मी तो निरोप दोनदा वाचायची.

मग तिची बारावीची परीक्षा जवळ आली. परीक्षा होईपर्यंत खेळणार नाही, असं तिनं आईला कबूल केलं आणि शब्द पाळला. पुढच्या आठवड्यात फळ्यावर दहाच्या दहा ओळी आजी, आजी, आजी. पहिली मीच, दहावी मीच. कारखान्यातल्या त्या कात्रीवालीला हे बघून केवढा आनंद झाला असता! मला तो फळा बघवेना.

तेव्हा मी एक आगाऊपणा केला. एक डाव खेळले, साप मेला, खेळानं नाव विचारलं आणि मी टाईप केलं, नात. तेवढ्यानं फळ्यावर माणूस आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजचंच झालं, चार वाजता आधी नातीचा डाव, मग माझा. "आज दमलीस वाटतं," असं मोठ्यानं बोलायची पण. आजी ७१०, नात ६९०. आजी ५६०, नात ५४०.

एका गुरुवारी लेकीचा फोन आला. रविवार नसताना आला म्हणून मी टीव्ही बंद करून उचलला.

"आई, ही पोरगी रोज खेळतीय तुझ्याबरोबर आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"कोण?"

"कोण म्हणजे? मी खोली उघडून बघितली ना. रोजची नोंद आहे तिची. आणि माझ्या तोंडावर म्हणते, मी हातसुद्धा लावला नाही. मोबाइल कपाटात घालून कुलूप लावलंय मी. रडून रडून डोळे सुजवून घेतलेत, जेवली नाही. पण खोटं बोलतेच कशी ही?"

आता सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण सांगायचं काय, की अडुसष्ट वर्षांची बाई दुपारी नातीच्या नावानं स्वतःशीच खेळते? मला काय धाड भरलीय, असं दर रविवारी सांगणारी? मी म्हटलं, "असू दे गं. पोर आहे, खेळली असेल एखादा डाव."

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की मी गप्पसुद्धा राहिले नव्हते. चक्क साक्ष दिली होती, पोरीच्या विरुद्ध.

त्या दिवशी खेळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तवा तापत ठेवला आणि पीठ मळायच्या आधीच गॅस बंद करून फोन लावला.

"तिचा मोबाइल देऊन टाक. ती खेळली नाही. मी खेळले."

"म्हणजे?"

"तिचं नाव मी घालत होते. आधी तिचा डाव खेळायचा, मग माझा."

"आई, पण का?"

"करमत नाही मला." एवढे तीन शब्द. त्या तीन शब्दांना मी किती वर्षं घेतली! "दुपारी लई करमत नाही."

 लेक हळू आवाजात म्हणाली, "मी पण नव्हते खेळत तेव्हा."

"कधी?"

"दहावीत. सागरगोटे मुठीत धरून पाठ करत होते. एक उत्तर झालं की एक खाली ठेवायचा. तू विचारलंच नाहीस." मग म्हणाली, "आणि काल मीही नाही विचारलं हिला."

 तेवढ्यात मागून फोन हिसकावल्याचा आवाज आला आणि नात कानात ओरडली, "आज्जी! माझ्या नावानं खेळलीस ते खेळलीस, पण रोज मलाच का हरवलंस गं? दोन्ही डाव तुझेच होते की!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन्ही हात माझे, कुणी बघणारं नाही, तरी पोरीला वीस गुण कमी. कात्रीवाली कुठं गेली नव्हती.

"पोरी, तुझी शपथ, चुकून झालं."

"रोज चुकून? जा, आता परीक्षा होईस्तोवर माझं नाव नाही घालायचं!"

"नाही घालत."

नातीकडून फोन परत घेऊन लेक म्हणाली, "एक ते दीड माझी जेवायची सुट्टी असते. तेव्हा करत जा की फोन." हा 'की' तिच्या बोलण्यात बऱ्याच वर्षांनी आला.

सोमवारी फळा कोरा झाला. मी सकाळी सवयीनं आजी ६४० करून बसले. दुपारी बघितलं तर खाली एक ओळ, आई ४०. पुन्हा पहिल्याच भिंतीला आपटली असणार. माझे ६४० काही खोडता येईनात. आठवडाभर ते तसेच तिच्या डोक्यावर बसून राहिले आणि तिनं दुसरा डाव टाकला नाही.

पुढच्या सोमवारी मी सकाळी मोबाइलला हात लावला नाही. दुपारची भाकरी खाल्ली, टॉवेल मांडीवर घेतला, फळा उघडून बसले. कोरा. एक वाजून गेला, तरी कोराच. लांब कुठंतरी माग चालले होते. आज तिला काम असेल, असं मनाशी म्हणेपर्यंत ओळ उमटली, आई ७०.

मी अंगठा पुसला आणि साप सोडला. सहा दाणे खाल्ले, साठ झाले. आता भिंतीत घालायचा. सातशे करणं त्याच्यापुढे काहीच नाही हो! भिंत आली की अंगठा आपोआप वळतो. तीनदा वळला. वर आंबा लुकलुकायला लागला, अगदी तोंडाजवळ. मी अंगठा उचलून टॉवेलखाली दाबून धरला आणि सापाला जाऊ दिलं. आंब्याच्या कडेनं जाऊन तो भिंतीवर आदळला.

आजी ६०.

फोन लगेच वाजला.

"आई, मुद्दाम मेलीस ना?"

"छे गं. अंगठ्याला घाम आला."

"खोटं बोलतीस."

"रडतीस काय," मी म्हटलं, "जिंकलीस की!"

ती हसली. मग कुणीतरी तिला हाक मारली, दीड वाजला होता. "उद्या," म्हणाली आणि फोन ठेवला. मी टॉवेलची घडी केली. संध्याकाळच्या भाकरीला अजून पुष्कळ वेळ होता.