तिचे प्रश्न

पोलीस भरतीसाठी पळून पळून नडगी धरलेली मुलं-मुली बारामतीत माझ्याकडे उपचाराला येतात. दुखणं किती वाढलंय ते कळायला मी ठरलेले प्रश्न विचारते. पळताना दुखतं का? चालताना? नुसतं बसल्यावरही दुखत असेल, तर हाडाला चीर गेल्याची भीती असते.

कळंबची एक मुलगी या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देते, "न्हाय मॅडम." मैदानी चाचणी जवळ आलीय आणि मी पळणं बंद करायला लावीन, याची तिला धास्ती आहे. चेहऱ्यावर ती काही दिसू देत नाही. फक्त नडगीवर अंगठा दाबला की माझीच चौकशी सुरू करते. हलकं दाबलं तर, "जेवलात का?" जोरात दाबलं तर, "तुमची पोरगी कितवीला हाय?" जितकं जास्त दुखतं, तितकी ती माझ्या घरात आत शिरते. हल्ली मी तिच्या उत्तरांपेक्षा या प्रश्नांवरच विसंबते.

काल ती येऊन खाटेवर बसली. मी पाठमोरी हात धूत होते.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुमच्या आईच्या डोळ्याचं आपरेशन झालं व्हतं न्हवं? आता दिसतं का त्यांना नीट?"

मी अजून तिच्या पायाला हातही लावला नव्हता.