मांडीवरचा पाय

महाराष्ट्र राज्य नवं होतं, तेव्हा मला डाव्या अंगाला लकवा मारला. डावा पाय आत वळला, बोटं मुडपली. पोटरी अशी आवळायची की कळ सोसवेना. मी ओरडून घर डोक्यावर घ्यायचे. भेटायला येणाऱ्या बाया तेल लावून खसाखसा रगडायच्या, तसा पाय आणखीच ताठायचा.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी माझ्या मालकांना शिकवलं: आधी शेकायचं, मग टाच तळहातात घेऊन पंजा हळूहळू वर न्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा.

वांग्यांना पाणी देऊन आले की हे माझा पाय मांडीवर घेत. कळ ओसरायची. पण बाईचा पाय नवऱ्याच्या मांडीवर! मी आधी दार लोटायला लावायचे.

एकदा यांचे थोरले भाऊ दार ढकलून आत आले. मी चांगल्या हाताने पदर ओढला. "अहो, सोडा ना पाय!"

"सोडला तं पुन्हा आखडते," हे म्हणाले. "दादा, आज चहा तुम्हीच ठेवा."

दादांनी पातेलं घेतलं. मग चुलीपाशी बसले.

चहा पाणचट होता. ज्यांच्याशी लग्नापासून एक शब्द बोलले नव्हते, त्यांच्यापुढे मी कप धरला.

"अजून द्या," म्हटलं.