सतराचा पाढा, दोनदा

ताईने वहीत सेकंद लिहायला हवे होते. मनगटावर घड्याळ होतं, आणि सारं आयुष्य शाळेत गणित शिकवलेल्या बाईला वेळ मोजता येत नव्हता असं मी मानणार नाही. तरी तिने लिहिलं: ‘विहीर, भर ऊन – बेचा पाढा. पडवी, ढगाळ – एकोणतीसचा. मागली पायरी, सकाळची सावली – सतराचा, दोनदा.’

ती माझी थोरली बहीण. निवृत्त झाल्यावर तिला पिनहोल फोटोंचं वेड लागलं. सुताराकडून फणसाच्या लाकडाची लहानशी पेटी करून घेतली. तिला भिंग नाही. पुढे पत्र्याच्या तुकड्याला सुईने पाडलेलं भोक आणि त्यावर काळी चिकटपट्टी. आत फिल्मचा रोल. पट्टी उचलायची, उजेड आत जाऊ द्यायचा, पट्टी परत लावायची. किती वेळ उचलायची एवढाच प्रश्न, आणि तो ती पाढा म्हणून सोडवायची. मी पडवीत वाचत बसलेली असायचे. एकदा विचारलं, घड्याळ का लावत नाहीस?

“घड्याळाकडे बघितलं की समोरचं बघायचं राहतं गो,” ती म्हणाली. मी पुन्हा पुस्तकात गेले.

दिवाळीनंतर ती गेली. पेटी कपाटात तशीच होती. मागच्या लाल काचेत दहाचा आकडा दिसत होता. रोलमधले दहा फोटो काढून झालेले, दोन उरलेले. वहीत दहा नोंदींपुढे बरोबरची खूण होती, शेवटच्या एकीपुढे नव्हती. ती मागल्या पायरीची. सकाळचा चहा ती त्या चिऱ्याच्या पायरीवर बसून प्यायची, एक पाय खालच्या मातीत.

तो फोटो मला काढायचा होता, तिच्या रोलवर, तिच्या मापाने. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. आणि पावसाच्या आत काढायचा होता, कारण आमच्याकडची ओल रोलच्या पाठच्या कागदात शिरली की फिल्मवर डाग उठतात. मग माझ्या दोन फोटोंबरोबर तिचे दहाही गेले असते.

म्हणून ताईचा रोल अंधारात पेटीतून उतरवून काळ्या कागदात गुंडाळून ठेवला आणि आधी नवा रोल मागवून सराव केला. वहीत लिहिल्याप्रमाणे, पाढ्याला पाढा. एस.टी. स्टँडजवळचा स्टुडिओवाला ताईच्या फिल्म धुऊन द्यायचा, त्याच्याकडे दिला. त्याने ओली फिल्म दिव्यासमोर धरली. “पातळ आलंय, मॅडम. ताकात पाणी जास्त झाल्यासारखं. उजेड कमी पडला.”

मी पुस्तकं काढली. भोकाचा व्यास, फिल्मपर्यंतचं अंतर, सगळ्यांचं सूत्र होतं. पण ते भोक फूटपट्टीने मोजायचं कसं? अर्धा मिलिमीटर म्हणावं तर एक उत्तर, त्याहून जरा कमी म्हणावं तर भलतंच. दुसऱ्या रोलवर मी कुठे पाढा दुप्पट केला, कुठे चौपट, आणि कुठे काय केलं ते लिहून ठेवायला विसरले. एकदा रोल पुढे सरकवायचा राहिला, तर विहिरीवर पडवी चढली. आयुष्यभर वाचनालयात नोंदी ठेवलेल्या बाईची ही तऱ्हा. घरी येऊन वही टेबलावर आपटली. मेलेल्या माणसावर इतका राग येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मे अर्धा सरला होता. स्टुडिओवाल्याने दुसरा रोल बघितला आणि फिल्म बाजूला ठेवली. “मॅडम, तुम्ही पाढा म्हणता कसा? म्हणा बघू.”

“इथे?”

“गिऱ्हाईक नाही कोणी. म्हणा.”

मी म्हटला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न. लहानपणी वडिलांसमोर म्हणायचे तसा, तोंडातल्या तोंडात, चुकण्याआधी संपवावा म्हणून घाईने.

“शेवटची गाडी सुटतेय की काय?” तो हसला. “आणि आम्ही कधी म्हणायचं?”

“तुम्ही म्हणजे?”

“आम्ही. वर्ग. मी चौथीला बाईंच्या वर्गात होतो. बाई म्हणायच्या, सतरा एके सतरा. मग थांबायच्या. आम्ही सगळे म्हणायचो, सतरा एके सतरा. मग पुढची ओळ. आणि शेवटच्या बाकाचा आवाज आल्याशिवाय बाई पुढे जायच्या नाहीत. शेवटच्या बाकावर मीच असायचो, म्हणून सांगतो.”

इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला एकदाही वर्गात पाहिलं नव्हतं. घरात पेटीजवळ तिचे ओठ हलायचे, मग थांबायचे, मग हलायचे. मला वाटायचं, तिला दम लागतो.

रात्री अंधारात ताईचा रोल पुन्हा पेटीत चढवला आणि लाल काचेत अकरा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी न्हाणीच्या चौथऱ्यावर ठेवली आणि पट्टी उचलली. थांबणं सोपं नव्हतं. पहिल्या फोटोला पाचव्या ओळीपाशीच माझी जुनी घाई वर आली, आणि पाढा धावत संपला. रोल सरकवला. लाल काचेत बारा आला. आता शेवटचा.

सतरा एके सतरा. मग गप्प. सुपारीचं वाळलं पान आगरात कुठेतरी खाली आलं. सतरा दुणे चौतीस. गप्प. त्या मोकळ्या जागेत कोणी काही म्हणत नव्हतं, म्हणून मीच मनात तिच्याशी भांडत होते. एक शब्द जास्त लिहायला काय झालं होतं? मला कसं कळणार होतं? प्रत्येक ओळीमागे एक भांडण, दोन पाढ्यांची वीस. मग पट्टी लावली.

चार दिवसांनी स्टुडिओवाल्याने वाळलेली फिल्म दिव्यासमोर धरली. दहा तिचे. अकरावा पातळ. बाराव्यावर त्याने बोट ठेवलं. “हा पास.” मग जवळून बघून म्हणाला, “पण कोपऱ्यात तुमच्या चपलेचं टोक आलंय.”

आलं होतं. ताईच्या कुठल्याच फोटोत तिची चप्पल आलेली नाही.

घरी येऊन वही उघडली. मागल्या पायरीपुढे खूण केली. आणि ‘सतराचा, दोनदा’ याच्या पुढे, तिने लिहायला हवा होता तो शब्द पेन्सिलीने लिहिला: थांबून.