काचेच्या टोकावरचा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीण म्हणत. गाठीतला पातळ काप काचेवर चढवून रंगवायचा तर तीच हवी, हे मोठ्या डॉक्टरांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक. हात हलका, नजर करडी आणि जीभ त्याहून करडी. बाटलीचं झाकण उघडं टाकणाऱ्याची ती बिनपाण्याने करायची.

घरी मात्र तिचं काही चालत नसे. घरी नवऱ्याची थोरली बहीण होती, निवृत्त मास्तरीण. चूक काढल्याशिवाय या नणंदेला चहा गोड लागत नसे. "दिवसभर काचा हाताळतेस म्हणे? मग ही खिडकी कोणी पुसली?" रंगारीण दातओठ खात फडकं उचले.

त्याच नणंदेच्या स्तनातली गाठ कापून काढली, ती कॅन्सरची निघाली, आणि यकृतावरही डाग दिसले. भांडायला का होईना, हे माणूस रंगारिणीला हवं होतं.

आता सगळं एका प्रथिनावर येऊन ठेपलं होतं. पेशीच्या अंगावर काही प्रथिनं दारावरच्या घंटीसारखी असतात. घंटी वाजली की आतलं एक प्रथिन दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि वाढण्याचा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. काही गाठींत अशा घंट्या नको तितक्या होतात आणि वाजतच राहतात. पूर्वी अशी गाठ म्हटली की डॉक्टरांचे चेहरे उतरायचे. मग संशोधकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवून निरोपाची ही वाट शोधली, आणि नेमका घंटीवरच हात ठेवणारं औषध आलं. ते प्रथिन भरपूर असेल तर काप तपकिरी रंगतो आणि औषध देता येतं. नसेल, तर काप निळाच राहतो, आणि मग नणंदेसाठी फारसं काही उरत नव्हतं.

घरच्यांची काच आपण करायची नाही, हा शिरस्ता रंगारिणीनेच घालून दिलेला. तिनेच तो मोडला. दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा विश्वास बसेना.

काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. सगळं निळं. तपकिरीचा टिपूसही नाही. मोठ्या डॉक्टरांनी काच शांतपणे टोकाकडे सरकवली. तिथे दरवेळी एका जुन्या गाठीचा तुकडा लावतात, हमखास तपकिरी होणारा. तो रंगला तरच बाकीच्यावर विश्वास ठेवायचा. तोही निळाच होता.

"अगं, अँटिबॉडी घातलीस ना?"

तिने टेबलाकडे पाहिलं. प्रथिन शोधून त्याला चिकटणारा तो द्राव बाटलीत जसाच्या तसा होता. तिने घातलं होतं शेजारच्या बाटलीतलं, नुसतं पातळ करायचं पाणी. नवशिक्यालाही लाज वाटावी अशी चूक! "नाही घातली," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या चुकीचा तिला आनंद झाला.

नवा काप तिच्या सहकारिणीने रंगवला. रंगारिणीची रवानगी बाहेरच्या बाकावर, नातेवाइकांत.

"आत एवढं करतात तरी काय?" शेजारचे आजोबा वैतागले.

"करू द्या हो, घाई करून चालत नाही," असं म्हणून ती स्वतः नखं खात बसली.

अखेर सहकारिणीने दार उघडलं. "ये, बघून घे."

एकेका पेशीभोवती गडद तपकिरी कड. टोकाचा तुकडाही तसाच. ती सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

औषध सुरू झालं. पुढच्या तपासणीत यकृतावरचे डाग लहान झालेले दिसले, त्यापुढच्या तपासणीत आणखी लहान. नणंदेचा आवाजही पूर्वपदावर आला. त्याच सुमारास टोकाला लावायची जुनी गाठ संपत आली, आणि मोठ्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत जपून ठेवलेली नणंदेची उरलेली गाठ मागितली. विचारायचं काम अर्थातच रंगारिणीकडे आलं.

"म्हणजे तू काही रंगवलंस की आधी माझ्याकडे बघणार?" नणंदेने चष्मा वर केला. "माझं जमलं असेल तरच तुझं बरोबर?"

"हो, ताई."

"मग घ्या सगळी! इतकी वर्षं घरी चुका काढल्या, आता तिथेही काढीन."

नव्या तुकड्याची पहिली काच कुणा परक्या बाईची होती. रंगारिणीने आधी टोकाकडे पाहिलं. ताई छान तपकिरी झाल्या होत्या. मग तिने काच पुढे सरकवली.