उंद्रीचं विरजण

माझी बुढी लग्न होऊन उंद्रीहून आमच्या घरी आली तेव्हा तिच्या मांडीवर कल्हईचा पितळी डबा होता, अन् डब्यात तिच्या आईचं विरजण. त्याच विरजणाचं दही बेचाळीस वर्षं खातो आहे, असं मी समजत होतो. दही जरा आंबट लागलं म्हटलं की ती म्हणे, "उंद्रीचं हाय ते. तुमच्या घरी काय होतं? पाणी." मला तिचं बोलणं कधी गोड लागलं नाही. आता ऐकू येत नाही, तर घर खायला उठते.

ती गेली. म्हैस राहिली, विरजण राहिलं अन् मी राहिलो.

मलकापूरला दिलेल्या पोरीनं मला एक पुस्तक आणून दिलं. घरचं दूधदुभतं, लोणचं, पापड, सगळं त्यात. लिहिणारा नोकरी सोडून शेतावर राहायला गेलेला माणूस. आम्ही शेतावरच जन्मलो, आमचं पुस्तक कोणी काढलं नाही. फोटोतली म्हैस तर इतकी चकाचक की तिला धुऊन वर इस्त्री केली असावी. जाताना पोर म्हणाली, "बाबा, रविवारी येतो. आईचं विरजण मले घरी न्यायचं हाय."

मी चवथी शिकलेलो, बोट ठेवून वाचतो. पण वाचलं की तसंच करतो. शनिवारी सकाळी लोण्याचं पान उघडलं. 'सर्व दही रवीने घुसळावे.' सर्व घुसळलं. लोणी निघालं. ताक गल्लीत वाटलं, कारण ताक घरात साठवायचं नाही ही बुढीची रीत. मग 'भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत.' धुतली. इतकं स्वच्छ काम मी जन्मात केलं नव्हतं.

सांजचं दूध काढलं, तापवलं, कोमट केलं, अन् विरजणाला हात पुढं केला तेव्हा समजलं. घरात दह्याचा ठिपका नव्हता. पुस्तक मागून पुढून पाहिलं. आधी चमचाभर दही बाजूला काढा, असं कुठंच नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं तर गाढवालाही समजते.

सकाळी वाटलेल्या ताकाचा एक घोट मिळाला असता तरी भागलं असतं. पण दिवा लागल्यावर आमच्याकडं दही-ताक कोणी घराबाहेर देत नाही. दिवे लागायच्या आत वाटी घेऊन पळालो.

समोरच्या घरची सून डोक्याला फडकं गुंडाळून बसली होती.

"ते ताक तर मी केसाले लावलं, बाबा."

"थोडं राह्यलं असंल."

"केसातच हाय. पिळून देऊ का?"

पाराजवळच्या घरी कढी झाली होती. म्हातारा भुरके मारत होता.

"बस, जेव."

"मले कढी नाही, ताक पाह्यजे."

"मंग सकाळी वाटलं काऊन बे?"

घराकडं वळलो तोवर दिवे लागले होते. आमच्या भिंतीला भिंत लागून रजया भरणाऱ्याचं घर. त्याची बायको, आमची भाभी, बुढीच्याच वयाची. ती दारातच होती. माझी रिकामी वाटी पाहून म्हणाली, "काय झालं, भाऊ?"

"बुढीचं विरजण मारलं मी. उंद्रीचं. बेचाळीस वर्षांचं."

भाभीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"काहे का उंद्रीचं? ते तर पहिल्याच उन्हाळ्यात सडलं, तिनं उकिरड्यावर फेकलं. तवापासून माझ्याकडूनच नेत होती. दर सालाले दोन-तीन खेप. भाऊले सांगू नको म्हने, जनमभर बोलतील."

"मी काऊन बोललो असतो?"

"नसते बोलले?"

मी विचार केला. बोललो असतो. अजूनही बोललो असतो, समोर असती तर.

"अन् तुमचं कुठून आलं, भाभी?"

"सासूचं होतं. ते एकदा मांजरानं खाल्लं, तवा तुमच्या घरून आणलं. आता कोनाचं कोनतं, काय मालूम."

दिवा लागलेला होता, तरी तिनं वाटी भरून दही दिलं. पदराखाली झाकून दिलं. बुढीलाही असंच देत असेल.

सकाळी दही लागलं. चाखलं. तेच आंबट. खोटारडी कुठली, म्हटलं, अन् पुसायला फडकं काही सापडेना, तर बाहीनंच डोळे पुसले. मग पेन्सिल घेतली अन् पुस्तकात लोण्याच्या पानावर लिहिलं, 'आधी चमचाभर काढून ठेव, मूर्खा.'

दुपारी पोर आली. डबा भरून दिला. चिखलीच्या जीपमध्ये तिनं तो मांडीवर घेतला, आईनं घेतला असेल तसाच.

"आईचंच हाय ना, बाबा?"

भाभी तिच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"उंद्रीचं हाय," म्हटलं. "दुसरं कोणाचं असंल?"