सांभाळून घेतलेला माणूस

बसगाड्यांच्या आगारात फाटलेल्या सीटा शिवणारा एक कारागीर होता. रेक्झिन कापायचं, आत फोम बसवायचा, जाड सुईच्या मशीनवर टिपा मारायच्या, यातच त्याची सव्वीस वर्षं गेली. त्याचा देवावर विश्वास नव्हता. कामावर लागला त्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं आणि त्याने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. तेव्हापासून सगळे त्याला 'नास्त्या' म्हणत आणि तोही मुकाट ओ देई.

जेवणाच्या सुट्टीआधी शेडमधली माणसं हात धुऊन दहा मिनिटं प्रार्थनेला उभी राहत. तेवढ्यात नास्त्या ऑफिसचा फोन घेई, ओरडत आलेल्या ड्रायव्हरला दारातच अडवी, कुणाची मशीन चालू राहिली असली तर बंद करी. नव्या माणसाला फोरमन त्याची ओळख करून देताना सांगे, हा देवाला मानत नाही, पण आहे अगदी देवमाणूस. सगळे हसत, तोही हसे. आमच्याकडे कुणाला कुणाचा जाच नाही, असं तो घरी बायकोला अभिमानाने सांगे.

बायको शाळेत ग्रंथपाल होती. मतं नवऱ्याचीच, पण जीभ तिखट. ती एकदा म्हणाली, "तुम्ही त्यांचे फोन घेता. त्यांनी तुमचं काय ऐकून घेतलंय कधी?"

मला ऐकवायचंच नसतं काही, असं म्हणून त्याने विषय संपवला.

पुढे तिचं दुखणं विकोपाला गेलं. शुद्धीत होती तोवर तिने देहदानाचा अर्ज भरला. त्याखाली साक्षीदार म्हणून नवऱ्याची आणि मुलीची सही घेतली. मग नवऱ्याला जवळ बसवून सांगितलं, "माझ्या उशाशी कुणाला पुटपुटू देऊ नका. आयुष्यात एवढंच मागतेय." त्याने तिचा हात हातात घेऊन कबूल केलं.

ती पहाटे गेली. नऊ वाजता तिचा भाऊ धर्मगुरूंना घेऊन दारात उभा. बहिणीला असं वाऱ्यावर सोडणार नाही, एवढंच बोलून तो आत शिरला. पाठोपाठ आगारातली माणसं आली, इस्त्रीचे शर्ट घालून, खाली माना घालून. त्यांना बघून नास्त्याला भडभडून आलं. पण बघता बघता तीच माणसं पलंगाभोवती रांगेने उभी राहिली आणि प्रार्थना सुरू झाली.

मुलगी कानाशी येऊन म्हणाली की मामाला बरं वाटेल, आईला आता काय कळणार आहे. तो फोरमनकडे गेला. सगळ्यांत जवळचा माणूस तोच. हे थांबव, तिला नको होतं, असं त्याने हात जोडून सांगितलं.

फोरमनने त्याला स्वयंपाकघरात नेलं, खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, मायाच होती. "सव्वीस वर्षं आम्ही तुला सांभाळून घेतलं ना? आज तासभर तू आम्हाला सांभाळून घे."

आजवर नास्त्याला वाटत होतं, सांभाळून आपण घेतोय.

दारात उभं राहून 'सगळे बाहेर व्हा' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? शब्द घशापर्यंत आलेही. तेवढ्यात फोन वाजला. लोकांचे डोळे मिटलेले होते. प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून तो फोन उचलून जिन्यात गेला. पहाटे त्याने कळवलं होतं त्या वैद्यकीय महाविद्यालयातला माणूस गाडी पाठवायला पत्ता विचारत होता. नास्त्याने हळू आवाजात सांगितलं की गाडी नको.

"घरच्यांची हरकत आहे का?"

"हो," नास्त्या म्हणाला.

दुपारपर्यंत मेव्हण्याने सगळं आपल्या रीतीने उरकलं.

कामावर परतल्यावर तो हाकेला ओ देईनासा झाला. प्रार्थनेच्या वेळी मशीन चालूच ठेवू लागला. आठवडाभर कुणी काही बोललं नाही, मग कुरबुर झाली आणि त्याला मागच्या कोठारात बसवलं. कुणी वाईट वागलं नाही. बायको गेल्याने डोकं फिरलंय, सांभाळून घ्या, असंच सगळे एकमेकांना बजावत. ते कानावर आलं की त्याला अन्न गोड लागत नसे.

रविवारी मुलगी यायची. एकदा तिने चहा करून समोर ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाबा, मामावर किती दिवस डूख धरून बसणार?"

"मामावर कशाला धरू? त्याचा विश्वास होता, त्याप्रमाणे तो वागला." त्याने कप खाली ठेवला. "त्या अर्जावर सह्या तुझ्यामाझ्या होत्या."

मुलीने त्याचा अर्धा भरलेला कप उचलला आणि ती मोरीत विसळायला गेली.